‘फूस लावून पळवून नेले’ : एका वाक्याचा अभ्यास

वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर, तळाच्या कोपऱ्यात, चार ओळींची एक बातमी वरचेवर येते. गावाचे नाव बदलते, तारीख बदलते, वाक्य मात्र तेच राहते : ‘अल्पवयीन मुलीला अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेल्याची फिर्याद दाखल.’ मुलगी पुढे सापडली की नाही, हा अज्ञात इसम कोण निघाला, त्याला शिक्षा झाली की तो सुटला, हे त्या पानावर पुन्हा क्वचितच वाचायला मिळते. राज्यशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांचे प्रकरण चालू असताना मला या वाक्यातील एकेका शब्दाविषयी कुतूहल वाटू लागले. फूस म्हणजे नेमके काय? पळून जाणे आणि पळवून नेणे यांत कायदा फरक करतो काय? आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ज्याचे नाव ठाऊक असते तो इसम फिर्यादीत अज्ञात कसा?

मग सुट्टीत ग्रंथालयातील कायद्याची पुस्तके आणि न्यायालयांचे काही निकाल जमतील तसे वाचले. ज्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच, त्या घरात कायद्याची भाषा समजावून सांगणारे कोणी नसते. एकेका वाक्याशी अर्धा अर्धा तास झटावे लागते. तरी झटले, कारण हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्याच आवारात सकाळी अकरावी-बारावीचे वर्ग भरतात आणि त्यानंतर आपले. त्याच जिन्याने सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली खाली उतरतात आणि एकोणीस-वीस वर्षांची वर चढतात. ती एकमेकांना वह्या देतात, एकाच एस.टी.ने घरी जातात. कायद्याने मात्र त्या जिन्यावर मधोमध एक रेघ मारून ठेवलेली आहे. रेघेच्या अलीकडे बालक, पलीकडे प्रौढ. अठरावा वाढदिवस काल झालेला मुलगाही प्रौढच.

प्रथम मूळ कलम पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३६१ होते. अज्ञान मुलास कायदेशीर पालकाच्या रखवालीतून, पालकाच्या संमतीवाचून, घेऊन जाणे किंवा फूस लावून नेणे, असा त्याचा आशय. कलम ३६३ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा होती. आरंभी ही वयोमर्यादा मुलासाठी १४ आणि मुलीसाठी १६ होती; १९४९ साली ती अनुक्रमे १६ आणि १८ झाली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आता तेच कलम १३७ झाले आहे, शिक्षा तीच आहे, पण मुलगा-मुलगी हा भेद गेला. १८ वर्षांखालील कोणीही बालक. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीने सतरा वर्षांच्या मुलाला घरातून फूस लावून नेले, तर आरोपीच्या पिंजऱ्यात ती उभी राहील. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मुले हसली. कायदा हसण्यावारी नेणारा नाही, एवढेच मी त्यांना सांगितले.

या कलमाचे शब्द नीट वाचले की एक गोष्ट खटकते. संमती कोणाची? पालकाची. रखवाली कोणाची? पालकाची. मुलीच्या ‘हो’ला किंवा ‘नाही’ला त्या वाक्यात जागाच नाही. ती रडत गेली काय अन् हसत गेली काय, या कलमापुरता गुन्हा पालकाच्या हक्काविरुद्ध घडतो. हा विचार आपल्याकडे इंग्लंडातून आला. तेथे १८७५ साली एक प्रसिद्ध खटला झाला. प्रिन्स नावाच्या इसमाने सोळा वर्षांखालील एका मुलीला तिच्या बापाच्या ताब्यातून नेले. मुलीने स्वतःच आपले वय अठरा सांगितले होते, ती तेवढी दिसतही होती, आणि त्याने तसे मानणे वाजवी होते असे ज्युरींनीही म्हटले. तरी न्यायाधीशांच्या बहुमताने शिक्षा कायम झाली. बापाच्या ताब्यातून मुलगी नेणारा तिच्या वयाविषयीचा धोका स्वतःच्या अंगावर घेतो, असे त्याचे तात्पर्य. ‘मला वाटले ती अठराची आहे’ हा बचाव या गुन्ह्यात दुबळा का ठरत आला, त्याचे मूळ तेथे आहे.

मग मुलगी आपल्या पायांनी घराबाहेर पडली असेल तर? येथे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा एक निकाल मार्गदर्शक आहे : एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य. निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिले. त्यातील मुलगी माझ्यासारखीच द्वितीय वर्षाला होती, फक्त विज्ञान शाखेची. अठरा पुरे व्हायला तिला दीड महिना कमी होता. शेजारच्या तरुणाशी तिचे सूत जुळल्याचे कळताच वडिलांनी तिला एका नातेवाइकाकडे नेऊन ठेवले. दुसऱ्याच दिवशी ती त्या घरातून निघाली, तिने स्वतः त्या तरुणाला टेलिफोन केला, अमुक रस्त्यावर मोटार घेऊन ये म्हणून सांगितले, आणि मोटारीत बसून दोघे निबंधकाच्या कचेरीत गेले. खालच्या न्यायालयाने तरुणाला शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिले. न्यायालयाचे म्हणणे असे, की अज्ञान मुलीला ‘घेऊन जाणे’ आणि तिला आपल्याबरोबर ‘येऊ देणे’ या दोन गोष्टी एक नव्हेत. आपण काय करतो आहोत हे कळण्याइतकी जाण असलेली मुलगी जर आपण होऊन घर सोडून आली, आणि तिने घर सोडावे म्हणून आरोपीने आधी कधीही तिचे मन वळवले नसेल, तर त्याने तिला रखवालीतून ‘नेले’ असे म्हणता येणार नाही.

हा निकाल वाचून आपल्यातील काही मित्र सुटकेचा श्वास सोडतील. त्यांनी पुढचे दोन निकालही वाचावेत. १९७२ साली हरियाणातील एका खटल्यात चौदा वर्षांची मुलगी होती. एका इसमाला तिच्या बापाने घरी येण्यास बंदी केली होती. त्या इसमाचे निरोप तिसराच एक माणूस आपल्या मुलीकरवी पोचवीत असे, आणि अखेर एका मध्यरात्री त्यानेच मुलीला त्याच्याकडे नेऊन पोचवले. शिक्षा झाली ती या मध्यस्थाला. बळजबरी नको, फसवणूक नको. पालकाचे घर सोडण्याची इच्छा मुलीच्या मनात जागी होईल असे मन वळवले तरी पुरे, असे न्यायालयाने सांगितले. मोटारसायकल देणारे, खोली शोधून देणारे, बसस्टँडवर पिशवी धरून उभे राहणारे जे मित्र असतात, त्यांच्यासाठी हा निकाल विशेष वाचनीय आहे. समान इराद्याचे आणि अपप्रेरणेचे, म्हणजे गुन्ह्याला हातभार लावण्याचे, कलम त्यांनाही लागू शकते.

दुसरा खटला १९७३ चा, गुजरातमधील. आरोपी कारखानदार, मुलगी शाळकरी. त्याने तिच्या कुटुंबाशी घरोबा केला, तिला भेटवस्तू दिल्या, आपल्या घराचे दार तिला सदैव उघडे आहे अशी भावना तिच्या मनात रुजवली. शेवटी ती स्वतःच घर सोडून त्याच्याकडे आली. वरवर पाहता मद्रासच्या मुलीसारखीच! पण न्यायालयाने म्हटले, की फूस त्या क्षणीच लावली पाहिजे असे नाही. महिनोन्‌महिने थेंबथेंब घातलेले पाणीही फूसच. मला स्वतःला हा निकाल फार पटला. पैशाने व वयाने मोठ्या माणसाने पोरवयाच्या मुलीला दाखवलेला लोभ आणि बरोबरीच्या वयातील ओढ यांतील फरक तो नेमका पकडतो. मुलींना भुलवून विकणाऱ्या टोळ्या असतात, लग्नाच्या आमिषाने परप्रांतात नेऊन सोडणारे असतात. त्यांच्यासाठी हे कलम कितीही कठोर असले तरी माझी तक्रार नाही.

आता ‘अज्ञात इसमा’कडे वळू. त्याचे रहस्य २०१३ सालच्या एका आदेशात आहे. बेपत्ता मुलांविषयीच्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवले गेले आहे असे गृहीत धरून गुन्हाच नोंदवावा. हेतू चांगला होता. पूर्वी पोलीस नुसती नोंद करून ‘येईल परत’ म्हणत. पण त्यामुळे मुलगी मावशीकडे रुसून गेली असली तरी कागदावर प्रथम एक ‘अज्ञात इसम’ जन्म घेतो. पुढे नाव उघड झाले की कलमे वाढत जातात. तिच्यावर लग्नाची किंवा संबंधाची जबरदस्ती व्हावी वा तिला भुलवून त्याकडे न्यावे अशा हेतूने पळवले असेल, तर आजचे कलम ८७, पूर्वीचे ३६६. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्या कोणाच्या हवाली करण्यासाठी बालकाला नेले असेल, तर कलम ९६, तेथेही दहा वर्षे.

आणि यानंतर येतो तो कायदा, ज्याच्यापुढे वरदराजनचा निकाल कामाला येत नाही : बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालील व्यक्तीची शरीरसंबंधाला असलेली संमती हा कायदा जमेसच धरत नाही. दंड संहितेत संमतीचे वय १८६० साली १० होते. १८९१ मध्ये ते १२ झाले. त्या वेळी पुण्यात केवढे रण माजले, टिळकांनी सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला आणि आगरकरांनी ‘सुधारका’तून बिलाची बाजू घेतली, हे आपण इतिहासात शिकलोच आहोत. पुढे १९२५ मध्ये १४, १९४९ मध्ये १६, आणि पोक्सोने व २०१३ च्या दुरुस्तीने १८. पोक्सोत २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे. मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस वर्षांची. संबंध एकापेक्षा अधिक वेळा घडला किंवा मुलगी गरोदर राहिली, तर गुन्हा अधिक गंभीर प्रकारात जातो आणि तेथे किमान वीस वर्षे. ‘किमान’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. न्यायाधीशांना दया आली तरी त्याखाली उतरता येत नाही. घरून पळून जाऊन दोन महिने भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कोणत्याही जोडप्याला हा प्रकार सहज लागू होतो. शिवाय गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे; गरोदर मुलगी दवाखान्यात गेली की आईबापांनी फिर्याद दिली नाही तरी खबर पोलिसांकडे जाते.

‘पण आम्ही आळंदीला लग्न केले’ असे कोणी म्हणेल. अठराच्या आतल्या मुलीशी प्रौढ पुरुषाने लग्न करणे हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. लग्न लावणाराही त्यात सापडतो. पालकाच्या ताब्यातून फूस लावून आणलेल्या बालकाचे लग्न तर त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुळातच रद्दबातल आहे. आणि नवरा आहे म्हणून सूट, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बंद केली. अठराखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कारच ठरतो.

तेव्हा सारे येऊन ठेपते ते वयावर, आणि वय येऊन ठेपते कागदावर. येथे आमच्या वाडीची एक गंमत सांगते. आमच्याकडे निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. माझ्या वडिलांचा, दोन्ही काकांचा, सरपंचांचासुद्धा. शाळेत नाव घालायला आजोबा गेले, जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरले आणि १ जून लिहून टाकली. पूर्वीची ही सवय अजून सगळीकडे मोडलेली नाही. कायद्यात वय ठरवण्याचा क्रम असा आहे : प्रथम शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका आरोपीला सोडताना सांगितले, की नुसता शाळा सोडल्याचा दाखला हा त्या क्रमात बसणारा पुरावा नव्हे. त्या खटल्यात हाडांची तपासणी मुलगी अठरा ते वीस वर्षांची असल्याचे सांगत होती. गुरुजींनी घाईत लिहिलेल्या एका तारखेत एखाद्याची वीस वर्षे दडलेली असतात, हे ती लिहिताना कोणाच्या मनात आले असेल?

आमच्या वाडीतही एक प्रकरण झाले. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा टेम्पोवर चालक, वय एकवीस, जात वेगळी. नावे सांगण्याचे कारण नाही, आणि मुलीचे नाव छापणे हाही कायद्याने गुन्हाच आहे. पंधरा दिवसांनी दोघे सापडली. तो तुरुंगात गेला. ती आईबापांकडे जाईना म्हणून बाल कल्याण समितीने तिला मुलींच्या बालगृहात ठेवले. मॅजिस्ट्रेटसमोर तिने जबाब दिला तो ‘मी माझ्या मनाने गेले’ असाच. वरदराजनच्या निकालाप्रमाणे पळवल्याच्या कलमात तिच्या या जबाबाला मोल आहे. पोक्सोच्या कलमात नाही. ती ज्याला वाचवू पाहत होती, त्याच्याविरुद्धच्या खटल्यात कायद्याने तीच ‘पीडिता’ होती.

पण मला त्याहून अधिक बोचली ती पुढची गोष्ट. तिच्यामागे वाडीतील चार मुलींची शाळा त्याच महिन्यात बंद झाली. दोघींची लग्ने पुढच्या उन्हाळ्यात उरकली. एकीला सोळावे संपले नव्हते. मांडव पडला, पंगती उठल्या, पाहुण्यांनी आहेर केले. कायद्याच्या दृष्टीने तेथेही वय अठराच्या आतच होते, नवरदेव प्रौढ होता, आणि बालविवाहाच्या कायद्यात लग्न लावणाऱ्या आईबापांनाही शिक्षा सांगितलेली आहे. त्या लग्नाची बातमी मात्र कोणत्याही पानावर आली नाही. तिथे कोणी फूस लावली नव्हती, कोणी पळवले नव्हते. पालकाची संमती होती! माझेही नाव काढण्याची भाषा घरात झाली होती. आईने ‘पोरीची बारावी होऊ द्या’ म्हणून धरून ठेवले, म्हणून हा लेख लिहिते आहे.

तेव्हा कायदा असावा की नसावा, असा माझा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो सोळा-सतरा आणि एकोणीस-वीस या वयांतील, जबरदस्तीचा मागमूस नसलेल्या प्रकरणांचा. न्यायालयांनाही तो सतावतो आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली एका अपिलात इतर देशांतील संमतीची वये मांडून, आपल्या देशानेही जगात काय चालले आहे याकडे पाहावे असे सुचवले. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २८३ व्या अहवालात वय कमी करू नये असेच मत दिले. मात्र सोळा ते अठरा या वयातील मुलाची मूक संमती दिसत असेल तेथे शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना काही मुभा असावी, अशी शिफारस केली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी सोळा ते अठरा वयातील परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळावेत अशी मांडणी केली, आणि केंद्र सरकारने तिला विरोध केला.

पश्चिम बंगालमधील एका खटल्याचा शेवट मात्र विचार करायला लावणारा आहे. २०१८ साली चौदा वर्षांची मुलगी पंचवीस वर्षांच्या तरुणाबरोबर निघून गेली. हे अंतर मला स्वतःला मुळीच पसंत नाही. खालच्या न्यायालयाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याला सोडले, पण निकालात किशोरवयीन मुलींना असा काही उपदेश केला की देशभर टीका झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पळवल्याच्या आरोपातून झालेली सुटका तशीच ठेवली, आणि पोक्सोखाली मात्र दोषी ठरवले. एकाच निकालात दोन्ही गोष्टी! मधल्या काळात ती मुलगी सज्ञान झाली होती, त्याच्याच घरी राहत होती, तिला मूल होते. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमून तिचे म्हणणे ऐकवून घेतले. तेव्हा कळले, की तिला खरा त्रास झाला तो घर सोडण्याने नव्हे, तर पोलीस, वकील आणि कोर्टकचेऱ्यांनी. नवऱ्याला सोडवताना ती कर्जात बुडाली होती. मे २०२५ मध्ये न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला शिक्षा देण्याचे टाळले, आणि हा निकाल इतरांसाठी पायंडा समजू नये असेही स्पष्ट केले.

त्या मुलीला ‘तुझे काय म्हणणे आहे’ असे इतक्या आस्थेने विचारले जायला सात वर्षे लागली आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले. आमच्या तालुक्याच्या कोर्टात कलम १४२ चा तो विशेष अधिकार नसतो. तेथे न्यायाधीशांपुढे एक जन्मतारीख असते, एक जबाब असतो आणि ‘किमान’ हा शब्द असतो. विधी आयोगाने सुचवलेली मुभा कायद्यात आणावी, आणि ती देताना दोघांच्या वयातील अंतर किती, पैशाचा किंवा अधिकाराचा दाब होता काय, हे तपासणे सक्तीचे करावे, असे माझे मत आहे. गुरुजनांपैकी कोणाचे मत वेगळे असेल तर वादविवाद मंडळाच्या पुढच्या बैठकीत ते ऐकायला मला आवडेल. विषय मी नोंदवून ठेवला आहे.